अण्णांचं अपुरं स्वप्न

“दगड कोरडे ठेवायचे?” नाडगौडा सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला की त्यांना काही दिसत नाही, पण रागवायचं असलं की ते तो काढतात. “शैलाताई, काय बोलताय तुम्ही?”

“माई पडल्यात सर. मनगट मोडलंय. परसातल्या दगडांवर रोज सकाळी पाणी मारतो आपण, तेवढं थांबवूया.”

“म्हणजे लोक कोल्हापूर-सांगलीहून येणार ते कोरडे दगड बघायला?” प्राध्यापक डोईफोडे म्हणाले.

दगडांचं प्रकरण सांगायला हवं. आमच्या गावात कविवर्य अण्णा उपळेकरांचं घर आहे. अण्णा गेल्यावर ते जपायला न्यास स्थापन झाला. नाडगौडा सर अध्यक्ष, घैसास वकील चिटणीस, कॉलेजात मराठी शिकवणारे डोईफोडे सदस्य. पुढे कुठल्याशा नियमात एक बाई पाहिजे असं निघालं, तेव्हा सरांनी रस्ता ओलांडला आणि मी सापडले. घरासमोरच माझं साडीला फॉल-पिको करायचं दुकान. शाळा दहावीला सुटली. पुढे जे काय वाचलं ते गिऱ्हाईक नसताना, मशिनवर पुस्तक टेकवून. पण अण्णांची एक कविता पाठ होती. ती सगळ्यांनाच पाठ असते, शाळेत होती ना:

उजाडण्याच्या आधी कोणी
ओल्या दगडांवरुनी गेले;
ठसे उमटले चिमणे मागे,
अंगण सारे गंधित झाले.

तर ते दगड हे. मागच्या दारापासून परसाच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत गेलेले. कवितेत ते ओले आहेत, म्हणून न्यास ते ओले ठेवायचा. शेवाळ धरलं तर ‘आता कसं अस्सल दिसतंय’ म्हणून सर खूश व्हायचे. गंधाची सोय म्हणून कडेला पारिजातक लावला होता. तो न्यासानेच लावला, पण दहा-बारा वर्षांनी सरांनाच तो अण्णांच्या वेळचा वाटायला लागला आणि ते लोकांना तसं सांगायला लागले.

त्या दगडांवरून आता फक्त एक माणूस चालायचं, अण्णांच्या पत्नी माई. पुढची खोली आणि माजघर न्यासाकडे. तिथे अण्णांची खुर्ची, छत्री, दौत, चष्मा. स्वयंपाकघर आणि मागची पडवी माईंकडे. बघायला आलेले लोक तिथेही डोकवायचे. एका बाईने तर माईंकडे बोट करून सरांना विचारलं होतं, “ह्यासुद्धा मूळच्याच का?”

“बरं, पाणी मारा,” मी म्हटलं. “पण मग स्वयंपाकघराला लागून कोठी आहे, सतरंज्या सोडल्या तर रिकामीच असते. तिथे माईंना संडास बांधून देऊया. खुर्चीसारखा असतो तो. गुडघे गेलेत त्यांचे.”

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अण्णांच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

“न्यासपत्रात काय लिहिलंय?” वकिलांनी हवेत बोट उचललं. “वास्तू मूळ स्वरूपात जतन करणे. मूळ म्हणजे मूळ.”

“माई पण मूळच्याच आहेत की.”

“त्यांच्याबद्दल आदर आहेच,” सर म्हणाले. “म्हणून तर मी मोहनशी बोललोय. त्यांचा पुतण्या. पनवेलला फ्लॅट आहे, सगळं घरातल्या घरात. प्लास्टर निघालं की येऊन घेऊन जातो म्हणाला. माईंची सोय होईल, घरही जपलं जाईल.”

भिंतीपलीकडे भांडं आपटल्याचा आवाज झाला. माईंना सगळं ऐकू गेलं होतं.

बैठक संपल्यावर मी आत गेले. माई पाटावर बसून डाव्या हाताने लसूण सोलायचा प्रयत्न करत होत्या. मी ताटली ओढून घेतली.

“जायचं नाही मला,” त्या म्हणाल्या. “मोहन चांगला आहे. बायकोही चांगली आहे. पण पाचवा मजला. मागच्या खेपेला झोपायला गॅलरी दिली, काचा लावलेली. रात्रभर शोकेसमध्ये ठेवल्यासारखं वाटायचं.”

“इथे तरी काय वेगळं आहे माई?”

“इथे अंधारात हात घातला तरी वस्तू सापडते मला.” त्यांनी लसणाचं साल फुंकून उडवलं. “मला एक सांग शैले. त्या बैठकीत तुमचं कुठलं म्हणणं पास होतं?”

मी विचार केला. “आठवणीने होतं.”

“म्हणजे?”

“खिडक्यांना रंग कुठला द्यायचा म्हणून वाद होता. वकील म्हणाले, अण्णा मला म्हणाले होते, हिरव्याने डोळे निवतात. झाल्या हिरव्या. बागेत बाक नको म्हणत होते. सरांना आठवलं, अण्णा म्हणायचे, दमलेल्याला बसायला जागा हवी. आला बाक. कुणाला एकदा आठवलं की पुढे कुणी बोलत नाही.”

“इतकं बोलायचे हे?” माई खरोखरच चकित झाल्या. “माझ्याशी दिवसाला चार शब्द. त्यातले दोन मीठ कमी म्हणून.”

“तुम्ही कधी आठवण का सांगत नाही? ते चित्रफितीवाले आले होते, तेव्हासुद्धा नुसतं ‘चांगले होते’ म्हणालात.”

“आठवणी लांबच्यांना असतात. मी घरातली.” मग म्हणाल्या, “पुढची बैठक कधी आहे गं?”

पुढच्या बैठकीला माई माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. हात गळ्यात अडकवलेला, अंगावर धुवट सुती पातळ. सर उठून उभे राहिले. म्हणून वकील उठले. म्हणून प्राध्यापकही उठले.

“मला एक आठवण सांगायची आहे,” माई म्हणाल्या.

प्राध्यापकांनी इतक्या घाईने पेन उघडलं की टोपण सतरंजीखाली गेलं.

“अण्णा म्हणायचे...” माईंनी सुरुवात केली आणि मी मान वर केली. माई त्यांना कधी अण्णा म्हणत नसत, ‘हे’ म्हणत. “म्हणायचे, एकदा जमेल तेव्हा ह्या कोठीत संडास करायचा. विलायती तऱ्हेचा.”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी वकील म्हणाले, “कधी म्हणाले?”

“पुष्कळदा.”

“पण कुठल्या संदर्भात?” प्राध्यापकांनी विचारलं.

“आता संडासाला कसला संदर्भ?” माई म्हणाल्या. पण पेन कागदावर टेकत नाहीये हे त्यांनी पाहिलं असावं. जरा थांबून, डोळे मिटून म्हणाल्या, “म्हणायचे, माणसाला एकांत पाहिजे. दार लावून बसावं. वर खिडकी असावी, तिच्यातून आभाळाचा तुकडा दिसावा. जगाला म्हणावं, थांब जरा.”

पेन चालायला लागलं.

“आभाळाचा तुकडा!” सरांनी हात जोडले. “अण्णांचं अपुरं स्वप्न! आणि इतकी वर्षं आपण त्या कोठीत सतरंज्या ठेवतोय!”

“मूळ स्वरूपात मूळ हेतू आलाच,” वकील म्हणाले. “कायद्याने काही अडचण नाही.”

माई मागे वळल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं हे फक्त मला दिसलं.

काम इतकं झटपट झालं की गावाने बोटं तोंडात घातली. प्राध्यापकांनी निळ्या फरशा निवडल्या, कारण अण्णांच्या कवितेत निळा रंग फार. खिडकी कुठल्या उंचीवर म्हणजे बसल्यावर आभाळ दिसेल, हे ठरवायला सर स्वतः एका स्टुलावर बसून मान वाकडी करत होते. माई दारात उभ्या राहून गवंड्याला सांगायच्या, “दादा, धरायला दांडी लाव हं. भक्कम लाव.” त्यांचं प्लास्टर निघालं होतं, पण मुठीत जोर आला नव्हता. मोहनचा फोन आला की त्या म्हणायच्या, “अरे, इथे माझी सोय होतेय. येऊ नकोस एवढ्यात.”

उद्घाटनाला विद्यापीठातून निवृत्त झालेले एक मोठे विद्वान आणले होते. कोठीच्या दाराला झेंडूचं तोरण, बाजूच्या भिंतीत संगमरवरी पाटी: ‘कविवर्यांचे अपूर्ण स्वप्न येथे साकार झाले.’ विद्वानांनी फीत कापली आणि मराठी कवितेतला एकांत ह्यावर जेवणवेळ टळेपर्यंत बोलले. मग लोक रांगेने आत जाऊन बघून आले. एक-दोघांनी बाहेर चपला काढल्या. माई पहिल्या रांगेत नव्या साडीत बसल्या होत्या. फॉल मीच लावला होता. भाषण चालू असताना त्या दोनदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आटपेल का गं ह्यांचं?”

आटपलं. पाहुणे गेले. माई काठी टेकत लगबगीने कोठीकडे निघाल्या, मी मागे. दारासमोर पितळी खांब उभे होते आणि त्यांच्यामध्ये लाल मखमली दोर. दाराला कुलूप.

“काय हवंय माई?” सरांनी विचारलं. किल्ली त्यांच्याच हातात होती.

“काय हवंय म्हणजे?”

“अहो, नाही,” सर अगदी समजुतीने म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं. “हे दालन झालं आता. वापरलं की डाग पडणार, वास येणार. लोक किती श्रद्धेने येतात! अण्णांची खुर्चीसुद्धा आपण वापरत नाही ना? तसंच हे.”

“सर, पण बांधलं कशाला मग?” मी म्हटलं.

“स्वप्न साकार करायला,” सर म्हणाले. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता.

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काठी फिरवली, मागचं दार उघडलं आणि दगडांवर पाय ठेवला. सोहळ्याचा दिवस म्हणून त्या दिवशी जरा जास्तच पाणी मारलेलं होतं. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. नवी साडी एका हाताने वर धरून त्या एकेक दगड चाचपत गेल्या, तशाच परत आल्या, आणि मागच्या पायरीवर धपकन बसल्या.

“रविवारी येतोय मोहन,” त्या म्हणाल्या. “सरांनी कळवलंय त्याला, कार्यक्रम छान झाला, आता या म्हणून.”

मी शेजारी बसले. मग विचारलं, “माई, अण्णा खरंच तसं म्हणायचे का हो? संडासाचं?”

“हे?” माईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझीच लाज वाटली. “लग्न होऊन आले तेव्हा मीच म्हटलं होतं, कोठीत सोय करूया. अंधारात भीती वाटते. तर म्हणाले, घरात घाण नको, घरात सरस्वती आहे.”

मी त्या दगडांकडे पाहत राहिले. ते दगड कुठे जातात हे मला काय माहीत नव्हतं? सगळ्यांनाच माहीत होतं. पण कविता आणि संडास ह्या दोन गोष्टी एकत्र आणायचं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“माई, मग ती कविता...”

“मीच ती. पहाटे जायचे ना.”

“फुलं वेचायला नाही?”

“कसली फुलं? झाड होतं कुठे तेव्हा?”

“पण ते... अंगण सारे गंधित झाले...”

माईंनी पदर नाकाला लावला. खांदे हलायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. “शैले, तिथे कसला गंध असणार गं!”

आम्ही दोघी इतक्या हसलो की पलीकडच्या कुंपणातून कुणी तरी डोकावून गेलं. मग माई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “तेव्हा दिवस गेले होते मला. पहाटे उठावंच लागायचं. कंदील लावला तर ह्यांची झोपमोड, म्हणून अंधारातच जायचे, अनवाणी. एकदा वळून पाहिलं तर हे खिडकीत. जागे. मला वाटलं, सोबतीला येतायत. थांबले जरा.” त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “पण कविता चालली होती त्यांची.”

“मग?”

“मग काय. नंतर एकदा पडले. तिथेच, तिसऱ्या-चौथ्या दगडावर. दव असायचं.”

माईंना मूल नव्हतं हे गावाला ठाऊक होतं. का नव्हतं, ते कुणी विचारलेलं नव्हतं. मीही विचारलं नाही. पारिजातकाची पानं खाली पडलेली होती, ती त्या काठीने बाजूला सारत बसल्या.

“कविता चांगली आहे हो पण,” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या. “म्हणायला गोड लागते.”

शनिवारी बैठक होती. विषय एकच, माईंच्या निरोपाचा छोटा कार्यक्रम. शाल द्यावी की साडी ह्यावर चर्चा चालू होती. माझ्याकडे खरी गोष्ट होती. ती सांगितली असती तर काय झालं असतं, हे मी रात्रभर स्वतःशी घोळवलं होतं. सरांनी चष्मा काढला असता. वकिलांनी पुरावा मागितला असता. प्राध्यापकांनी शोधनिबंध लिहिला असता. आणि माई रविवारी पनवेलला गेल्या असत्या.

“मला एक आठवण सांगायची आहे,” मी म्हटलं.

तिघेही माझ्याकडे वळले. मी मांडी बदलली.

“अण्णा एकदा मला म्हणाले होते, शैला, वापरात नाही ती वस्तू मेलेली असते. घरातली प्रत्येक वस्तू वापरती राहिली पाहिजे. मी नसलो तरी हिने वापरली पाहिजे.”

मी लग्न होऊन ह्या गावात आले तेव्हा अण्णांना जाऊन सहा वर्षं झाली होती. नाडगौडा सर माझ्या लग्नाला जेवून गेलेले. पंगतीत बसून त्यांनी अण्णांच्या पुण्यतिथीच्या व्याख्यानाची वर्गणी मागितली होती. आता चष्मा निघणार म्हणून मी खाली बघत राहिले.

चष्मा निघाला. पण सर तो पुसत होते.

“अगदी अण्णांचीच भाषा,” ते म्हणाले. “वापरात नाही ती वस्तू मेलेली असते! असं तेच बोलू शकत.”

“मी होतो की तेव्हा,” घैसास वकील म्हणाले. “ह्याच खोलीत. शैलाताई चहा घेऊन आल्या होत्या. अण्णा खुर्चीत होते, मी इथे. मला स्पष्ट आठवतंय.”

मी वकिलांकडे पाहिलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

“हे कुठे छापून आलेलं नाही ना?” प्राध्यापकांनी विचारलं. त्यांनी अण्णांना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना लेखीच लागायचं. “मग मी घेतो.”

ठराव झाला. कोठीतलं दालन अण्णांच्या इच्छेनुसार वापरतं ठेवावं आणि तो वापर माईंनीच करावा. “रोज,” सरांनी बजावलं. “खंड पडता कामा नये.” किल्ली माईंकडे द्यायची ठरली. मखमली दोर मात्र राहू द्यावा, शोभा म्हणून. दगडांवर पाणी मारणं चालूच ठेवायचं. आता त्यांच्यावरून चालणारं कुणी नव्हतं, त्यामुळे मीही हरकत घेतली नाही.

रविवारी मोहन आला. भला माणूस, रिकामी बॅग घेऊन आला होता आणि गाडीत माईंसाठी उशी ठेवली होती. सर त्याच वेळी साताऱ्याहून आलेल्या एका महिला मंडळाला घर दाखवत होते. सगळा घोळका कोठीच्या दाराशी येऊन थांबला. दार आतून बंद होतं.

“आत कोणी आहे का?” एकीने विचारलं.

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. “इथे अण्णांची इच्छा पाळली जाते,” ते हलक्या आवाजात म्हणाले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतले.

मोहन घोळक्यातून वाट काढत पुढे आला. त्याने सरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दोरावरून वाकून दारावर टकटक केली. “काकू, मी मोहन. निघायचं ना? ड्रायव्हर थांबलाय.”

आतून माईंचा आवाज आला, स्वच्छ, अजिबात घाई नसलेला.

“त्याला जाऊ दे बाबा. आत्ता कुठे मी बसलेय.”